तळव्यातला चंद्र

तापाने फणफणलेल्या मुलाचा तळहात उताणा धरायचा. मधोमध जिथे खळगा पडतो तिथे गार पाण्याचे थेंब सोडायचे. मग आपलं मधलं बोट करंगळीच्या मुळापासून तळहाताच्या कडेकडेने मनगटाशी न्यायचं, तिथून वळवून खळग्यात आणायचं आणि पाण्यावर पडलेलं काही अलगद उचलावं तसं वर घ्यायचं. बोट फिरतंय तोवर त्याच वाटेवर हलकी फुंकर. पुन्हा पाणी, पुन्हा फेरी, पुन्हा फुंकर. तुईना या चिनी मालिशविद्येच्या बालशाखेत या क्रियेचं नाव आहे ‘पाण्याच्या तळातून चंद्र काढणं’.

औषध म्हणून ती किती लागू पडते ते पुढे बघू. आधी तिची घडण बघण्याजोगी आहे. पाणी थेंबभरच, त्यामुळे तापलेलं मूल भिजत नाही, हुडहुडत नाही. बोटाची वाट वळणाची, म्हणून मुलाची नजर तिच्यामागे जाते. ओल्या कातडीवरून फुंकर गेली की गारवा लागतो; आणि फुंकर घालायची तर मोठ्या माणसाला मुलाच्या हातावर वाकावंच लागतं. पण खरी जागा आहे ती शेवटाची. मालिशेतल्या बहुतेक हालचाली दाबून संपतात, ही उचलून संपते. रामाने चंद्रासाठी हट्ट धरला तेव्हा त्याला आरशात चंद्र दाखवून गप्प केलं, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. तिथे मोठ्यांनी पोराची समजूत काढली. इथे चंद्र पोराच्याच तळव्यात बुडालाय आणि मोठं माणूस तो काढून नेतंय. तो चंद्र म्हणजे ताप, असं मी वाचते. दुसरं कुणी वेगळं वाचेल. पण चंद्र ‘काढून’ बोट वर येतं त्या क्षणी मुलाचा हात हलका व्हावा अशी त्या क्रियेची बांधणीच आहे.

अशी नावं या विद्येत ठिकठिकाणी भेटतात. नाक चोंदलं तर ‘पिवळी गांधीलमाशी बिळात शिरते’: तर्जनी आणि मधलं बोट दोन नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकवायचं आणि भराभर वरखाली हलवत राहायचं. ही चेष्टा आहे, आणि ती मुलाला कळते. छातीत कफ घरघरत असेल तर मूल मांडीवर घेऊन दोन्ही तळवे काखांपासून बरगड्यांवरून खाली चोळत आणायचे. त्या क्रियेच्या नावात तारा छेडल्या आहेत, आणि तान्ह्या पोराच्या बरगड्यांवर हात फिरवलेल्या कुणालाही ते पटेल. ‘माकड फळ तोडतं’ यात कानांची टोकं वर ओढायची, मग पाळ्या खाली. हे मात्र मला कानाइतकंच ओढूनताणून आणलेलं वाटतं. सगळ्याच ओळी सारख्या उतरत नाहीत.

ही विद्या कागदावर आली ती मिंग राजवटीत. 1601 साली यांग जीचौ या वैद्याचा एक मोठा संग्रहग्रंथ छापला गेला. विषय सुया टोचण्याचा आणि मॉक्सा हा वाळवलेल्या पानांचा चुरा जाळून शेक देण्याचा. दहा खंडांचं हे पुस्तक सुई आणि विस्तव यांनी भरलेलं आहे. शेवटच्या, दहाव्या खंडात मुलांच्या मालिशेवरचा एक जुना ग्रंथ जसाच्या तसा घातलेला सापडतो, छन आडनावाच्या वैद्याच्या नावावरचा. नऊ खंड टोचून-भाजून झाल्यावर मूल समोर आलं आणि ग्रंथकाराने हात पुढे केला, असा तो क्रम मला दिसतो. तीनच वर्षांनी, 1604 मध्ये, राजवैद्य गोंग तिंगश्येन यांचं मुलांच्या तुईनावरचं स्वतंत्र पुस्तक आलं. पुढच्या शतकभरात अशी पुस्तकं येत राहिली.

या पुस्तकांची चित्रं बघावीत. पानावर एक हात, आणि हातावर अख्खं शरीर. अंगठा प्लीहेचा, तर्जनी यकृताची, मधलं बोट हृदयाचं, अनामिका फुप्फुसाची, करंगळी मूत्रपिंडाची. त्यांची प्लीहा म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी प्लीहा नव्हे. खाल्लेलं अंगी लागण्याचा सगळा कारभार तिच्याकडे असतो, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत अग्नी. पोर जेवत नाही, हाडकतंय, तर अंगठ्याची कड टोकाकडून मुळाकडे शेकडो वेळा चोळायची. तळहाताच्या मध्याभोवती आठ दिशांचं चक्र. आणि मनगट-कोपर यांच्यामध्ये तीन रस्ते. अंगठ्याच्या बाजूचा रस्ता कोपराकडे चढवायचा, तो ऊब आणतो. करंगळीच्या बाजूचा कोपराकडून मनगटाकडे उतरवायचा, तो उष्णता काढतो. मधला, आतल्या नितळ कातडीवरून जाणारा, ‘आकाशगंगेचं पाणी’. तोही तापावरचा, पण सौम्य. पोरगं नुसतं कणकणतंय, तर आकाशगंगेवरून दोन बोटं मनगटाकडून कोपराकडे सरळ सरकवत राहायची. ताप चढला तर त्याच वाटेवर ओल्या बोटांची टपटप करत, फुंकर घालत कोपर गाठायचं. हे ‘घोडा हाकत आकाशगंगा ओलांडणं’. एकच वाट, पण बोट घसरलं की नदी होते आणि टपटपलं की टापा. दीड वीत लांबीच्या हातावर एवढा प्रवास.

हातच का, याचं शास्त्रार्थाचं उत्तर असं की मोठ्यांच्या शरीरावर उपचाराच्या जागा म्हणजे ठिपके असतात, मुलांच्या अंगावर मात्र त्या रेघा आणि पृष्ठभाग असतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा कोपराखाली येतात. मला त्यामागे एक साधी व्यवहाराची गोष्ट दिसते. आजारी मुलाचे कपडे न काढता त्याचं जे अंग हाती येतं, ते हातच. उत्तर चीनच्या थंडीत हे किती मोलाचं असेल ते नेरूळच्या उकाड्यात बसून कळायचं नाही.

आमच्याकडे मालिश म्हणजे मूल आधी उघडं करायचं. आमच्या इमारतीत शेजारच्या सूनबाईंना बाळ झालं तेव्हा करावे गावातून एक मावशी यायच्या, ‘तेल-पाणी करणाऱ्या’. सिडकोने 1970 पासून खाडीकाठच्या गावांभोवती शहर उभारलं. गावं गावठाणं होऊन मध्येच राहिली, आणि त्या गावांतल्या आगरी-कोळी घरांतून सकाळी कितीतरी बायका आजूबाजूच्या टॉवरांकडे निघतात. कुणी मासळी घेऊन, कुणी धुण्याभांड्याला, आणि काही थोड्या, हातात गुण असलेल्या, बाळ-बाळंतिणीच्या कामाला. मावशींचा भाव वेगळा असायचा. लिफ्टमध्ये त्या घाई करत नसत.

त्यांचं काम मी अगदी जवळून, बाथरूमच्या उंबऱ्याशी बसून पाहिलंय. बांगड्या कोपराकडे सारायच्या, मनगटावर धागा असेल तर तो आत खोचायचा. नखं मुळापासून कापलेली. खोबरेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट केलेली. तेलाचा थेंब आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला. पाट घरात नव्हताच, म्हणून चटई. भिंतीला पाठ, पाय लांब, साडी गुडघ्यापर्यंत, आणि दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत बाळ, डोकं मावशींच्या पावलांकडे, तोंड त्यांच्याकडे. बाळाला यापेक्षा नेमका पलंग कुणी केलेला नाही.

सुरुवात पायांपासून. मांडीपासून घोट्यापर्यंत एक हात उतरतो, तो सुटायच्या आत दुसरा वरून लागलेला असतो. बाळाच्या कातडीला हात नसल्याचा क्षण कळतच नाही. तळव्यावर अंगठ्याने एकच रेघ, टाचेकडून बोटांकडे. मग पोट. इथे मावशींचा वेग निम्म्यावर येतो. तळवा सपाट, बोटं किंचित उचललेली, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरे. मोठं आतडं उजवीकडून चढतं, आडवं जातं आणि डावीकडे उतरतं, त्याच वाटेने हा हात जातो. शरीरशास्त्राचं पान मावशींनी कधी उघडलेलं नाही. चिनी ग्रंथांतही पोटावरचा हात असाच आहे, फक्त त्यांनी दिशेला अर्थ वाटून दिले: घड्याळाच्या दिशेने फिरवला तर साचलेलं पुढे ढकलायला, उलटा फिरवला तर पातळ होणारं धरून ठेवायला. मावशींना मी उलट फेऱ्यांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी जात्यावर पीठ घालून दाणे काढायला सांगितले होते.

छातीवरून हात मध्यातून बाहेर, पुस्तक उघडल्यासारखे नव्हे तर जरा खाली कललेले, खांद्यांवरून दंडात. मग बाळाचे हात छातीवर एकमेकांवरून ओलांडवायचे, एकदा उजवा वर, एकदा डावा. मग उजवा हात आणि डावा पाय यांची पोटावर भेट, आणि उलट. आधी तारस्वरात रडणारं बाळ इथे येईस्तोवर गप्प झालेलं असतं. मग पालथं घालून पाठ: मानेपासून खाली आडव्या लाटांनी, कंबरेशी दोन अंगठ्यांचे लहान गोल. डाळीचं पीठ आणि साय, कढत नव्हे पण चांगलं गरम पाणी, शेवटचा तांब्या पाठीवर एका धारेत. दुपट्यात गुंडाळून ओव्याची धुरी, तीही आता नावापुरती, कारण वरच्या मजल्याची तक्रार येते. बाळ धुरी संपायच्या आत झोपलेलं.

“मावशी, जोर कुठून लावता?” मी विचारलं होतं.

“जोर नाय लावत बाय. तेल जातंय तसा हात जातो.”

तुईनाच्या आचार्यांनी याच गोष्टीवर किती शाई खर्च केलीय. हात हलका हवा पण तरंगता नको. टेकलेला हवा पण रुतलेला नको. जलद, पण धावता नाही. मिनिटाला दीडशे-दोनशे घासण्या, आणि प्रत्येकीत बोट कातडीवर तेवढंच टेकलेलं. तेल क्वचितच, बहुधा पाणी, आल्याचा रस, पातीच्या कांद्याचा रस किंवा शंखजिऱ्याची पूड. त्यांचा हात औषधातून जातो, आपला तेलातून. त्यांच्याकडे मोजदाद आहे, शंभर, तीनशे, पाचशे. आपल्याकडे मोजदाद नाही, क्रम आहे. आणि मुख्य भेद असा की तुईना येते आजार आल्यावर. आपली मालिश रोजची, सुदृढ बाळाची. आजार आला की मराठी घर मालिश बाजूला ठेवतं. पोट फुगलं तर बेंबीभोवती हिंगाचं पाणी, सर्दी झाली तर छातीवर ओव्याची गरम पुरचुंडी, दात येताना गुटीचं उगाळण. हात तिथे वस्तू पोचवण्यापुरता उरतो. म्हणून आपल्या मालिशेत आजाराच्या नावाने एकही घासणी नाही, आणि म्हणूनच तिच्यातल्या घासण्यांना नावं नसावीत.

लिहिलंही गेलं नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात उत्तरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नवजात बाळाला बलातेल लावायला सांगितलंय. तेल आहे, हाताची चाल नाही. चाल टिपली ती फ्रेडरिक लेबोये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने, कोलकात्यात एका आईला आपल्या बाळाला चोळताना पाहून. 1976 मध्ये तिच्याच नावाने, ‘शांतला’ म्हणून, आलेलं त्याचं छायाचित्रांचं पुस्तक जगभर गेलं, आणि परदेशातल्या आयांनी आपल्या मावश्यांची विद्या त्याच्यातून शिकून घेतली. फोटो सुंदर आहेत. पण फोटोत दाब दिसत नाही, आणि या कलेत दाब हेच सगळं आहे.

दाबाबद्दल बोलतोय तर आपल्या परंपरेची वाईट पानंही उलटली पाहिजेत. नाक सरळ यावं म्हणून ओढणं, डोकं गोल व्हावं म्हणून थापटणं, हे निदान निरुपयोगी. नाका-कानात तेल सोडणं मात्र धोक्याचं. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं. आईच्या संप्रेरकांमुळे तान्ह्या बाळाची छाती फुगते, ती काही आठवड्यांत आपोआप बसते. ‘चीक काढायचा’ म्हणून ती पिळली की गळू होऊ शकतं. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी हे सगळं मावशींना बजावलं होतं. मावशींनी ऐकलं, वाद घातला नाही, एवढंच म्हणाल्या की पूर्वी आम्ही करत होतो. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा आहे. बाळं दगावल्याच्या, चटके देणाऱ्या भूमकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आजही येतात. तक्रार तीच, पोट तेच, ते पोर बरं व्हावं ही तळमळही तीच. एके ठिकाणी त्या पोटावर तळवा फिरतो आणि दुसऱ्या ठिकाणी विळा टेकतो. मिंग काळातल्या त्या वैद्याने दहाव्या खंडात हात पुढे केला याचं मोल मला ही बातमी वाचताना कळतं.

पण चिनी पुस्तकांनाही आपल्या हाताचा गर्व झालाच. श्या तिंग यांच्या 1695 सालच्या बालरोगांवरच्या पुस्तकात एक पद्यरचना आहे: औषधाच्या जागी तुईना. एकेक घासणी घ्यायची आणि ती कुठल्या औषधाचं काम करते ते सांगायचं. ऊब आणणारा रस्ता चढवला की माहुआंग आणि दालचिनीच्या जातीची साल दिल्यासारखं; उष्णता काढणारा उतरवला की शंखजिरं आणि हरणाचं शिंग दिल्यासारखं. असं करत करत सगळं औषधालय मुलाच्या हातावर मांडून ठेवलंय. रचना म्हणून ती झकास आहे. वैद्याचा थाट, यमकांचा नाद, आणि मागे एक आर्त गोष्टही: गरिबाच्या पोराला हरणाचं शिंग कुठून मिळणार? पण उपचार म्हणून वाचली तर तिथेच ती घसरते. बोट औषधासारखं वागतं असं म्हणता म्हणता कवी बोटाला औषधच समजून बसतो.

1877 मध्ये शू छ्येनक्वांग यांनी उलट दिशेने पाऊल टाकलं. मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या तीन-तीन अक्षरांच्या ओळींच्या जुन्या पुस्तकाचा साचा घेऊन त्यांनी तुईनाची पोथी रचली. त्यातून शानतुंग प्रांतात एक घराणं उभं राहिलं, आणि त्याची गायकी विलक्षण काटकसरीची आहे. इतर घराणी एका बैठकीत आठ-दहा जागा घेतात. ही मंडळी एखादी-दोन जागा निवडतात आणि दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं तिथेच राहतात. किराणा घराण्याचा एखादा गवई एका स्वरावर जसा बसतो, तसे. याच प्रांतात बाकीची घराणी आहेत, हुनानमध्ये आणखी वेगळं. अंगठ्याची कड कुठल्या दिशेने चोळली की बळ येतं, यावरही त्यांच्यात एकमत नाही. माझा कल काटकसरीकडे. एक जागा पंधरा मिनिटं चोळायची तर मुलाने हात द्यायला हवा, आणि मूल हात देतं तेव्हा अर्धं काम झालेलं असतं.

आता गुणाचं. चीनमधल्या पारंपरिक वैद्यकाच्या रुग्णालयांत मुलांच्या तुईनाचे विभाग आहेत, शहरांत तिची दुकानं आहेत, आणि जुलाब, अरुची, खोकला यांवर तिथे अभ्यासही पुष्कळ झालेत. बरेचसे लहान, सैल बांधणीचे, ज्यांवरून छातीठोक काही म्हणता येऊ नये असे. नुसत्या बालमालिशेबद्दलही 2013 च्या कॉक्रेन आढाव्याने 34 अभ्यास चाळून पुरावा कच्चा असल्याचंच म्हटलं. तेलाची बाजू जरा बळकट. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2005 मध्ये खोबरेल, मिनरल ऑइल आणि नुसती पावडर यांची तुलना प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खोबरेलाने जास्त वेगाने वाढलं होतं. मावशींच्या वाटीला एवढा दाखला पुरे. बाकी तळव्यातला चंद्र काढून ताप उतरेल या भरवशावर कुणी राहू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला की थेट डॉक्टर. जुलाबात ओआरएस आणि झिंक, मग हवं तर पोटावर हात. रसिकाने एवढं भान ठेवलं म्हणजे रस कमी होत नाही.

राहता राहिली ती माझ्या सर्वांत आवडीची क्रिया, पाठीची. मूल आईच्या मांडीवर पालथं. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी माकडहाडाशी कातडीची एक वळकटी धरतात, आणि ती वळकटी न सोडता पाठीच्या कण्यावरून मानेपर्यंत गुंडाळत नेतात. कातडीची लाट कण्यावरून वर चालत जाते. तीन चिमट्यांनंतर चौथ्याला वर उचल. कधी उचलताना बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. तीन ते पाच फेऱ्या, आणि शेवटी कंबरेवर दोन अंगठ्यांचा मऊ दाब. न जेवणाऱ्या, रोडावलेल्या मुलांसाठी ही क्रिया. बीजिंगमध्ये फंग घराणं पिढ्यान्‌पिढ्या हिच्यासाठीच ओळखलं गेलं. हिला काव्यमय नाव नाही, ‘कणा चिमटणं’ एवढंच. तरी बाकी सगळ्या चंद्र-घोड्यांपेक्षा ती मला भारी वाटते. बाकीच्या क्रिया मुलाला खेळवतात. हिच्यात पहिल्या फेरीला मूल दचकतं, दुसरीला कुरकुरतं, आणि तिसरीला त्याची पाठ सैल पडलेली बघणाऱ्याला स्वच्छ दिसते. एका क्रियेत एवढं घडताना दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

बाळाचं बारसं होऊन गेल्यावर एकदा मावशींना मी फोनवर ही क्रिया दाखवली. त्यांनी फोन हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला, दोनदा पाहिली. पहिली हरकत तेलाची: “कोरडंच? आवरा कातडा वरती, तेलाबिगर?” मी शंखजिऱ्याच्या पुडीचं सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. मग स्वतःच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूची सैल कातडी चिमटीत धरून त्या मनगटापासून कोपराकडे सरकवत गेल्या, तीन चिमटे आणि उचल, तीन चिमटे आणि उचल. मध्येच सुटली तेव्हा पुन्हा खालून सुरुवात. तिसऱ्या खेपेला लाट कोपरापर्यंत न सुटता गेली. त्यांची धाकटी नात जेवायला रडवते, ते मला आधीच ठाऊक होतं.

“मानंवर थांबायचा ना? डोक्यावर नाय न्यायचा?”

“मानेवर थांबायचं.”

“बरं.” फोन परत देताना त्यांनी पडद्यावरच्या पांढऱ्या कोटातल्या बाईकडे पुन्हा एकदा पाहिलं. “हिचे किती घेतात गं एका टायमाचे?”

मला सांगता आलं नाही. त्यांनी मनातल्या मनात काही हिशेब केला, तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि पुढच्या घराकडे निघाल्या.